कात्सुरा : मागे सरकणारी वास्तू

आज जपानमधल्या क्योतोच्या कात्सुरा प्रासादाचा आराखडा पुन्हा उलगडून पाहिला. सतराव्या शतकातली ही वास्तू बागेत मिसळते, कारण ती टप्प्याटप्प्यानं मागे सरकते. जुना, मधला आणि नवा महाल उडत्या हंसांच्या रांगेसारखे तिरके मांडलेत. त्यामुळे सलग लांब भिंत अंगावर येत नाही आणि कोपऱ्यातल्या खोल्यांना दोन बाजूंनी बाग मिळते. खांब दगडांवर टेकलेले, जमीन उचललेली. शेजारच्या कात्सुरा नदीला पूर यायचे ना!

नक्कल करताना लोक इथेच चुकतात. सिमेंटचं जोतं थेट हिरवळीला भिडवतात, छप्पर आखूड ठेवतात, मग पागोळ्यांचं पाणी उसळून लाकडी खांबांचे बुंधे कुजतात. छप्पर निदान ९० सेंटिमीटर बाहेर काढा. खडीचा चर भिंतीलगत नको, पागोळ्या पडतात बरोब्बर तिथे हवा. रुंदी ३० ते ४५ सेंटिमीटर, तळाला उतार. पन्हळ लावली की पागोळ्या गेल्या, आणि माझ्या मते पावसातली अर्धी बाग गेली.

खिडक्या झाडांच्या जागा ठरल्यावरच आखा. नजर मांडी घालून बसलेल्याची धरा, जमिनीपासून साधारण ८० सेंटिमीटर. उभ्या माणसासाठी काढलेल्या चौकटीतून बसल्यावर नुसतं आकाश दिसतं.