एका किडनीवर भागतं कसं?

धाकट्या भावाला किडनी दिली त्याला नऊ वर्षं झाली, तरी हा प्रश्न काही थांबत नाही. पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर पार्लरमध्ये मान बेसिनवर टेकलेली असताना. विचारणाऱ्याचा आवाज हमखास खाली गेलेला असतो. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीटच सांगते.

आधी माझाही हिशोब तुमच्यासारखाच होता. किडनी म्हणजे चहाची गाळणी. दोनातली एक गेली की निम्मा गाळ अंगातच राहणार. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून तो हिशोब मोडला. मुठीएवढा अवयव, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. जागा पोटात पुढे नाही, पाठीकडे, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला. वर यकृत असल्यामुळे उजवी किडनी डावीपेक्षा थोडी खाली. प्रत्येकीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्या. हृदयाने ढकललेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा एकट्या या दोघींकडे जातो.

आणि मग त्यांनी आकडा सांगितला. दिवसभरात इथे सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून बाहेर काढला जातो. आपल्या रक्तात द्रव असतो जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच तो दिवसातून साठेक वेळा. लघवी मात्र होते दीड लिटर. बाकीचं सगळं परत आत!

मला आईचं दिवाळीआधीचं कपाट आवरणं आठवलं. नको असलेली वस्तू शोधत ती कधी बसली नाही. सगळं कपाट पलंगावर ओतायची आणि हवं तेवढंच परत लावायची. किडनी तेच करते. साखर सगळी परत, मीठ आणि पाणी गरजेपुरतं परत. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, तेवढा पलंगावरच राहतो आणि लघवीवाटे जातो. किडनी मंदावली की तो रक्तात साठत जातो. डॉक्टरांचा जीव रिपोर्टातल्या त्या एका आकड्यात का अडकलेला असतो, ते मला तेव्हा कळलं.

माझी डावी काढली. डावीची शीर लांब असते, त्यामुळे दुसऱ्याच्या अंगात जोडायला सोपी. उजवीवर सगळा भार आला, तसं तिच्याकडे रक्तही जास्त जाऊ लागलं. नवे नेफ्रॉन काही फुटत नाहीत, ते आपण जन्माला येतानाच मोजून मिळालेले असतात. आहेत तेच थोडे मोठे होतात, जास्त राबतात. दोघींचं मिळून काम शंभर धरलं, तर उरलेली एकटी पन्नासवर थांबत नाही, सत्तरच्या आसपास जाते. माझं क्रिएटिनिन ०.७ होतं, ते १.१ झालं आणि तिथेच आहे. भागतं ते असं.

फुकट भागतं असं मात्र म्हणणार नाही. बीपी तपासत राहावं लागतं, वर्षाला रक्त-लघवीची तपासणी चुकवायची नाही, आणि गुडघा कितीही ठणकला तरी मनाने दुखण्याची गोळी घ्यायची नाही. शिवाय मुळात देणाऱ्यालाच चाळून घेतात. भावजयीचा रक्तगट जुळला नाही, आईला मधुमेह, म्हणून मी. चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये जमवून तो कॅन मांडीवर घेऊन रिक्षाने लॅबमध्ये नेला. रिक्षावाल्याने विचारलं, “ताई, रॉकेल का?” मी हो म्हटलं.

कुणी जास्तच घाबरलं की मी रोनाल्ड हेरिकचं सांगते. २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये त्याने आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला, किडनी दिली. यशस्वी झालेलं ते पहिलं किडनी प्रत्यारोपण. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला. रोनाल्ड एका किडनीवर छप्पन्न वर्षं, २०१० पर्यंत.

“मग तुम्हाला सारखं जावं लागतं का?” हा जोडप्रश्न असतोच. नाही हो. मूत्राशय पहिल्यापासून एकच आहे, आणि लघवी किती होणार ते पाणी किती प्यायलं त्यावर.

सारखं जायची वेळ आली होती ती भावावर. त्याआधी दोन वर्षं डायलिसिस, लघवी जवळजवळ बंद. दिवसाला लिटरभरही पाणी नाही. उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळत बसायचा. चेहरा पांढराफटक, कारण रक्त तयार करा हा निरोपही किडनीच धाडते, आणि तो थांबलेला. माझी किडनी त्याच्या ओटीपोटात उजवीकडे बसवली. जुन्या दोन जागच्या जागी. त्या सहसा काढत नाहीत. म्हणजे आता त्याच्याकडे तीन, माझ्याकडे एक. वाटणीचा हा विनोद तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो.

पण दोन वर्षं वापर नसल्याने त्याचं मूत्राशय आक्रसून गेलं होतं. मी घरी आले होते, तो अजून दवाखान्यातच. लघवीची नळी काढली त्या रात्री दीड वाजता त्याचा फोन आला. माझ्या पोटात गोळाच आला. काय रे, काय झालं?

“ताई, संध्याकाळपासून सोळा वेळा,” तो म्हणाला. “मोजतोय मी. थांब हं, परत आली.”