औषध दुकानातील प्रशिक्षण मोबाइलवर आणताना : माझा अनुभव

नाशिकमध्ये पंचवटी, सिडको आणि नाशिकरोड अशा तीन ठिकाणी आमची औषधांची दुकाने आहेत आणि तेथील कर्मचाऱ्यांना तयार करण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्ट या नात्याने माझ्याकडे आहे. पूर्वी हे शिक्षण तोंडीच चालत असे. नवीन मुलगा जुन्याच्या शेजारी उभा राहून रॅक पाठ करायचा, गोळे कॉलनी या नाशिकच्या घाऊक औषध बाजारातून माल आला की बिलाशी बॅच नंबर आणि एक्सपायरी ताडून घ्यायचा, आणि हळूहळू काउंटरवर रुळायचा. या पद्धतीने हात चांगला बसतो, हे मी आजही मानते. पण जुन्याला जे ठाऊक नसते ते नव्याला कधीच कळत नाही, आणि एकाच शंकेला तीन दुकानांत तीन उत्तरे मिळू लागतात. तिन्ही दुकाने बंद ठेवून सर्वांना एकत्र बसवणे शक्य नसल्यामुळे ऑनलाइन प्रशिक्षणाचा विचार पुढे आला.

मालकांनी प्रथम एका कंपनीचा तयार अभ्यासक्रम चाचणीसाठी घेतला. त्यातील व्हिडिओ इंग्रजीत आणि लांबलचक होते, त्यामुळे मुले मोबाइल बाजूला चालू ठेवून आपापली कामे करीत असत आणि अहवालात मात्र प्रत्येकाच्या नावापुढे ‘शंभर टक्के पूर्ण’ असे दिसे. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला याचा अर्थ कोणी काही शिकले असा होत नाही, आणि औषधांच्या व्यवसायात हा फरक रुग्णाच्या जिवाशी येऊन ठेपतो. म्हणून आम्ही मूडल ही ऑनलाइन पाठ आणि चाचण्या घेण्याची प्रणाली निवडली. ती २००२ पासून उपलब्ध आहे, मुक्त स्रोत असल्यामुळे परवान्याचे शुल्क लागत नाही, आणि तिच्या मोबाइल अ‍ॅपवर पाठ आधी उतरवून ठेवता येत असल्याने सिन्नरहून बसने येणाऱ्या आमच्या मुलीला वाटेत रेंज गेली तरी तो वाचता येतो. सर्व्हर भाड्याने घेणे आणि प्रत्येकाचे खाते उघडणे ही कामे एका जाणकार परिचिताच्या मदतीने फारशी अडचण न येता झाली.

खरी मेहनत पाठ लिहिण्यात होती. मी मराठीत, पाच-सात मिनिटांत संपतील असे पाठ लिहिले आणि छायाचित्रे आमच्याच काउंटरवरच्या वस्तूंची घेतली. पहिला पाठ इन्सुलिनचा होता. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असते, तर पेनमध्ये बसणाऱ्या कार्ट्रिजमध्ये ते १०० युनिट असते. ४० ची सिरिंज लाल टोपीची आणि १०० ची केशरी टोपीची. पेन बिघडले म्हणून एखाद्याने कार्ट्रिजमधले इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत, म्हणजे अर्धा मिलिलिटर, ओढले, तर त्याच्या शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. दोन्ही सिरिंजांचे शेजारी-शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र आणि त्याखाली ‘ग्राहकाला कोणती द्याल, आणि देण्याआधी काय विचाराल?’ एवढाच प्रश्न, अशी या पाठाची रचना आहे. चुकीचा पर्याय निवडला तर नुसते ‘चूक’ असे न दाखवता त्या पर्यायाने रुग्णाचे काय झाले असते हे दोन वाक्यांत दिसते. ही दोन वाक्ये लिहायला मला संपूर्ण पाठापेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा, असे माझे मत आहे.

थोड्याच दिवसांत उत्तरे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली. त्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. मी प्रत्येक विषयाची मोठी प्रश्नपेढी तयार केली, त्यामुळे प्रत्येकाला वेगळे प्रश्न, वेगळ्या क्रमाने येऊ लागले. शिवाय तेच विषय आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने विचारले जातील अशी योजना केली. शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते. आमच्या गुणपत्रकांतही तेच दिसत होते.

चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे, असा नियम आहे. त्यामुळे मदतनीसांचा अभ्यासक्रम वेगळा ठेवला आणि त्याचा गाभा ‘कधी थांबायचे’ हा ठरवला. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट चिठ्ठीवर ‘रोज’ अशी वाचली जात असेल, औषधाचे नाव लागत नसेल, गिऱ्हाईक गरोदर असल्याचे सांगत असेल किंवा ‘हीच नसेल तर तसलीच दुसरी द्या’ म्हणत असेल, तर हात थांबवून ‘ताई, जरा बघता का?’ अशी हाक मारायची. हाक मारणे हा कमीपणा नाही, हे मुलांच्या मनात ठसवणे मला कोणत्याही औषधाच्या माहितीपेक्षा मोलाचे वाटते.

फार्मासिस्टांसाठी एच-वन परिशिष्टाच्या, म्हणजे औषध नियमांतील ज्या यादीतील औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते तिच्या, नोंदवहीचा सराव ठेवला. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या परिशिष्टात सेफिक्झिमसारखी प्रतिजैविके आणि क्षयरोगावरील औषधे येतात. डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण यांची वेगळी नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. सरावासाठी काल्पनिक नावांच्या चिठ्ठ्या तयार केल्या, कारण खऱ्या रुग्णाचा कागद प्रशिक्षणाच्या नावाखाली कोणाच्याही मोबाइलवर जाता कामा नये.

काही गोष्टी मात्र पडद्यावर शिकवून भागत नाही. दाबून घ्यायच्या इन्हेलरचा श्वास सावकाश आणि खोल ओढायचा असतो, कॅप्सूल टाकून वापरायच्या इन्हेलरचा जोरात आणि खोल. नंतर साधारण दहा सेकंद श्वास रोखायचा आणि औषध स्टिरॉइडचे असेल तर गुळण्या करायच्या. हे सगळे प्रश्नपत्रिकेत अचूक लिहिणारी मुलगी रिकामा इन्हेलर हातात दिल्यावर गोंधळली. तेव्हापासून माझ्यासमोर करून दाखवल्यावर मी खूण केली तरच पाठ ‘पूर्ण’ होतो, अशी व्यवस्था प्रणालीतच केली आहे.

पंचवटीच्या दुकानातील एक ज्येष्ठ काका सुरुवातीपासून नाराज होते. ‘ताई, काम मला येतं, हा मोबाइल येत नाही,’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि त्यात तथ्य होते. मी त्यांना प्रश्न वाचून दाखवू लागले आणि उत्तरे ते तोंडी देऊ लागले. पुढे गिऱ्हाइकांचे खरे प्रश्न तेच मला सांगू लागले. एक लिटर पाण्यासाठीची ओआरएसची पुडी आई पेल्याभर पाण्यात कालवते आणि द्रावण गरजेपेक्षा कितीतरी खारट होते, हा आमच्या प्रश्नपेढीतील सर्वाधिक चुकणारा प्रश्न त्यांच्याकडूनच आला. कोणता प्रश्न किती जणांचा चुकतो हे मूडलच्या अहवालात दिसते, आणि पुढचा पाठ कशावर घ्यायचा हे मी त्यावरूनच ठरवते.

एक गोष्ट मालकांकडे आग्रहाने मागावी लागली, ती म्हणजे हा अभ्यास कामाच्या वेळेतच व्हावा. घरी जाऊन करा असे सांगितले असते तर घरकाम आणि मुले सांभाळणाऱ्या बायका मागे पडल्या असत्या. आता दुपारी, काउंटर शांत असताना, प्रत्येकाला आळीपाळीने वेळ मिळतो. सध्या येत्या सिंहस्थासाठी हिंदीतील प्रश्नसंच तयार करीत आहे, कारण रामकुंडाच्या वाटेवरील आमच्या दुकानात रोजच्या गोळ्या आणि चिठ्ठी दोन्ही घरी विसरलेले यात्रेकरू येणार. अशा वेळी काय विचारायचे, जवळच्या कोणत्या डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात पाठवायचे आणि चिठ्ठीशिवाय काय अजिबात द्यायचे नाही, हे प्रश्न काका सांगत आहेत आणि मी लिहून घेत आहे.