तुम्ही विचारलंत म्हणून: सॅटेलाइट पाडलं तर लाईट जाणार का?

मी सव्वीस वर्षं विजेच्या ट्रान्समिशनच्या टेस्टिंगमध्ये काढली, म्हणजे रिले (लाईनमधला बिघाड ओळखून ती बंद करायला सांगणारं उपकरण), प्रोटेक्शन, लाईन ट्रिप झाली की चौकशी, हे माझं काम. रिटायर झाल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, कॉलेजात बोलायला बोलावतात तिथे. मे २०२५ मध्ये देशभर मॉक ड्रिल झालं त्या आठवड्यात तर रोज कोणीतरी विचारायचं, "ताई, उद्या कोणी आपलं सॅटेलाइट पाडलं तर लाईट जाणार का हो?"

लगेच नाही जाणार. वीज तारेतून येते, तिला आकाशातल्या कशाची गरज नाही. पण हे ऐकलं की लोक "चला, म्हणजे काळजी नको" म्हणून उठायला लागतात आणि मला त्यांना हाताला धरून परत बसवावं लागतं, कारण खरं उत्तर त्याच्या पुढे आहे.

कधी मोठ्या सबस्टेशनला गेलात तर कंट्रोल रूमच्या गच्चीवर बघा, पाईपच्या टोकाला अळंबीसारखी पांढरी टोपी दिसेल, मुठीएवढी. ती जीपीएसची अँटेना. तिची केबल खाली पॅनलमधल्या घड्याळाला येते आणि ते घड्याळ सगळ्या रिलेंना वेळ देतं. आम्हाला जागा नको असते, सबस्टेशन काही कुठे जात नाही, आम्हाला वेळ हवी असते. आपली वीज ५० हर्ट्झची, एक सायकल २० मिलीसेकंदांची, आणि फॉल्ट, म्हणजे लाईनमध्ये बिघाड, आला की रिले आणि ब्रेकर (लाईन तोडणारा मोठा स्विच) यांचा सगळा खेळ चार-पाच सायकलमध्ये संपतो. दोन टोकांना दोनशे किलोमीटरवर दोन सबस्टेशन, कोणता ब्रेकर आधी उघडला हे कळायचं असेल तर दोन्हीकडची घड्याळं मिलीसेकंदाला जुळलेली पाहिजेत.

एका पावसाळ्यात आमच्याकडे एकामागून एक दोन लाईन ट्रिप झाल्या. रिपोर्ट घेऊन बसलो तर एका टोकाच्या नोंदीप्रमाणे ब्रेकर आधी उघडला आणि फॉल्ट नंतर आला! असं होऊच शकत नाही. आम्ही अर्धा दिवस रिलेवर संशय घेतला, सेटिंग तपासल्या, वायरिंग काढून बघितलं, आणि शेवटी एक लाईनमन गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला मॅडम अँटेनाच्या केबलच्या जॉइंटमध्ये पाणी आहे. तीन आठवडे ते घड्याळ एकटंच चाललेलं होतं, पॅनलवर अलार्मचा दिवा होता, पण घड्याळाचा अलार्म म्हणून कोणी बघितलाच नाही. तेव्हा मला पहिल्यांदा नीट जाणवलं की आम्ही कशाच्या भरवशावर आहोत हे आमच्यापैकीच कोणाच्या डोक्यात नाहीये. कोणी शत्रू नव्हता तिथे, नुसतं पावसाचं पाणी.

आता तर त्याच वेळेवर आणखी बरंच काही चढलंय. ग्रिडमध्ये ठिकठिकाणी पीएमयू नावाची मोजणीयंत्रं बसवलीत, ती व्होल्टेजचा कोन, म्हणजे त्या क्षणी व्होल्टेजची लाट कुठे पोचलीय ते, मोजतात आणि लोड डिस्पॅचला, म्हणजे ग्रिड सांभाळणाऱ्या केंद्राला, पाठवतात, त्यावरून ग्रिड कुठे ताणली जातेय ते कळतं. हा कोन म्हणजे वेळच असते. एक मायक्रोसेकंद चुकला की ०.०१८ अंश चुकले, आणि ३१-३२ मायक्रोसेकंद चुकले की नुसत्या वेळेपायी मोजमापाची मान्य मर्यादा संपते. तुम्ही म्हणाल एवढी चूक कशी होईल. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेने एक जुनं जीपीएस सॅटेलाइट निवृत्त केलं आणि त्या गडबडीत बाकीच्या काही सॅटेलाइटवर चुकीची माहिती चढली, १३ मायक्रोसेकंदांचा फरक. काही तास टेलिकॉमवाल्यांची धावपळ झाली, ब्रिटनमध्ये डिजिटल रेडिओला अडचण आली. मर्यादेच्या निम्म्याच्या जवळ, आणि तेही कोणाचा वाईट हेतू नसताना. मुद्दाम करणाऱ्याला तर काम सोपं आहे. सॅटेलाइट वीस हजार किलोमीटरवर, सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की तो आजूबाजूच्या रेडिओ गोंगाटाच्याही खाली असतो, तेव्हा जवळून छोटा जॅमर लावला तरी तो बुडतो. त्याहून वाईट म्हणजे स्पूफिंग, खोटा सिग्नल. जॅमिंग झालं तर निदान अलार्म येतो, स्पूफिंगमध्ये घड्याळ खुशाल सांगतं सगळं ठीक आहे.

आणि हल्ला म्हटलं की लोकांना मिसाइल डोळ्यांसमोर येतं. मार्च २०१९ मध्ये आपण मिशन शक्तीत २८३ किलोमीटर उंचीवरचं आपलंच सॅटेलाइट पाडलं, टीव्हीवर दिसलं, ते लक्षात राहतं. पण मी सगळ्यांना जर्मनीची गोष्ट सांगते.

२४ फेब्रुवारी २०२२, रशियाने युक्रेनवर चढाई केली तो दिवस. चढाईच्या साधारण तासभर आधी व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट सॅटेलाइटवरचं इंटरनेट पडायला लागलं. युक्रेनचं सैन्य ते वापरत होतं, हल्लेखोरांना त्या सैन्याला गाठायचं होतं. पण तेच मोडेम युरोपभर हजारो घरांत होते आणि जर्मनीतल्या एनरकॉन कंपनीच्या पवनचक्क्यांवरही होते. ५,८०० पवनचक्क्या, मिळून ११ हजार मेगावॅट, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या उन्हाळ्यातल्या मागणीचा साधारण तिसरा हिस्सा समजा, एका सकाळी कंट्रोल रूमला दिसेनाशा झाल्या. कोणी त्यांच्यावर नेम धरला नव्हता. त्या शेजारी उभ्या होत्या एवढंच.

सॅटेलाइटला तर कोणी हातही लावला नाही. ते वर धडधाकट होतं. हल्लेखोर शिरले जमिनीवरून, इटलीतल्या तुरीनच्या नेटवर्क सेंटरमधल्या एका नीट सेट न केलेल्या व्हीपीएनमधून (बाहेरून नेटवर्कमध्ये यायची राखीव वाट), आणि तिथून मोडेमना असा हुकूम सोडला की त्यांची मेमरीच पुसली गेली. नंतर कंपनीला जवळपास तीस हजार मोडेम बदलून द्यावे लागले. मे २०२२ मध्ये युरोपियन युनियन, अमेरिका आणि ब्रिटनने याचं बोट रशियाकडे दाखवलं. पण त्या सगळ्यात पवनचक्क्या फिरतच राहिल्या. प्रत्येकीचा कंट्रोलर तिच्या पायाशीच होता, वारा वाढला की पाती वळवायची, गरज पडली की थांबायचं, हे तिला कोणाला विचारावं लागत नव्हतं. दिसत नव्हत्या पण वीज देत होत्या. ज्याने वीस वर्षांपूर्वी ते डिझाइन तसं ठेवलं त्याला मी मनातून नमस्कार करते, कारण आज सगळं क्लाउडवर नेऊ, साइटवर काही ठेवायलाच नको, असं म्हणणारे मला प्रत्येक मीटिंगमध्ये भेटलेत. तसं केलेलं असतं तर त्या सकाळी ११ हजार मेगावॅट थांबले असते.

आता संरक्षणाचं. माझं ते क्षेत्र नाही, पण युक्रेनमध्ये काय चाललंय ते वाचते, आणि आमच्या लाईनच्या माणसाला त्यातली एक गोष्ट चटकन कळते. जीपीएसवर नेम धरणारे महागडे तोफगोळे जॅमिंगमुळे चुकायला लागले, रेडिओवर चालणारे ड्रोन पडायला लागले, म्हणून दोन्ही बाजूंनी ड्रोनच्या मागे फायबरची बारीक तार सोडली, कित्येक किलोमीटरची. एवढं सगळं आकाशात नेऊन ठेवलं आणि शेवटी लढाई परत तारेवर आली. इलॉन मस्कच्या स्टारलिंकने, म्हणजे सॅटेलाइटवरून येणाऱ्या इंटरनेटने, युक्रेनला फार आधार दिला हे खरंच आहे. पण २०२२ मध्ये क्रिमियात सेवास्तोपोलपर्यंत ती चालू करा अशी विनंती आली आणि ती नाकारली, हे मस्कनेच २०२३ मध्ये जाहीर सांगितलं. आणि २४ जुलै २०२५ ला कंपनीचं स्वतःचंच सॉफ्टवेअर बिघडलं, जगभर अडीच तास सेवा बंद, आघाडीवरसुद्धा. पहिल्या वेळी एक माणूस नाही म्हणाला, दुसऱ्या वेळी कोणीच काही म्हणालं नाही, पण खंदकातल्या शिपायाला दोन्ही सारखंच. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलंय, गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांसाठी. जिथे टॉवर पोचत नाही तिथल्या शाळेला, दवाखान्याला नेट मिळावं हे मला मनापासून पटतं. पण पोलिसांचं किंवा विजेचं काम त्यावर टाकाल त्या दिवशी शेजारी दुसरी वाट उभी करा एवढंच माझं म्हणणं आहे.

मग लोक म्हणतात आपलं नाविक, म्हणजे भारताचं स्वतःचं जीपीएस, आहे ना. आहे, आणि ते असायलाच हवं. २०१३ पासून आपण ते उभं करतोय. पण सुरुवातीच्या सॅटेलाइटवर परदेशातून घेतलेली अणुघड्याळं होती, ती एकामागून एक बंद पडली. २०१७ मध्ये बदली सॅटेलाइट सोडलं तर त्याचं उष्णताकवचच उघडलं नाही. मे २०२३ मध्ये नाविकचं नवीन सॅटेलाइट एनव्हीएस-०१ गेलं, त्यात आपण बनवलेलं अणुघड्याळ, मला त्या दिवशी रडू आलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ गेलं आणि व्हॉल्व्ह न उघडल्यामुळे ठरलेल्या कक्षेत पोचलंच नाही. त्या वर्षी संसदेत सरकारने उत्तर दिलं, ११ पैकी चार सॅटेलाइट जागा-वेळेची पूर्ण सेवा देत होती. जागा काढायला कमीत कमी चारच लागतात, म्हणजे तेव्हा हातात एकही जास्तीचं नव्हतं.

पण आमच्यासारख्यांना यात एक सोय आहे, ती फार कमी लोक बोलतात. सबस्टेशनची जागा ठरलेली असते, त्यामुळे नुसत्या वेळेसाठी एक सॅटेलाइट दिसलं तरी पुरतं. म्हणून घड्याळ जीपीएस आणि नाविक दोन्ही घेणारं लावा, दोघांत फरक दिसला की ओरडू दे त्याला. आत चांगला क्रिस्टल (घड्याळाला ठोका देणारा स्फटिक) असू दे, म्हणजे आकाश गेलं तरी काही तास ते वेळ धरून ठेवेल. आणि फायबरवरून वेळ आणा. केंद्र सरकारचं अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद, गुवाहाटी इथल्या प्रयोगशाळांतून भारतीय प्रमाणवेळ द्यायचं काम चालू आहे, ती वेळ जमिनीवरूनही येऊ शकते, अँटेनाशिवाय. आणखी एक, पीएलसीसी भंगारात काढू नका. हायटेन्शन लाईनवरूनच बोलायचा तो जुना फोन, आवाज खरखरतो, पण मोबाईल, व्हीसॅट (छोट्या डिशवरची सॅटेलाइट लिंक) सगळं गेलं तरी त्याच्यावरून पलीकडच्या ऑपरेटरशी बोलता येतं. कोकणातल्या धुवांधार पावसात व्हीसॅटची लिंक गेली की आम्ही रीडिंग त्याच्यावरूनच लिहून घ्यायचो.

माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता एका सबस्टेशनला इनचार्ज आहे. तिला मी हे सगळं फोनवर सांगत असते. मागच्या हिवाळ्यात तिने वरिष्ठांची परवानगी काढली आणि एका शांत रविवारी अँटेनाची केबल मुद्दाम काढून ठेवली, सकाळी आठ ते संध्याकाळी चार. दर तासाला पलीकडच्या टोकाशी पीएलसीसीवर बोलून वेळेतला फरक वहीत लिहिला. दुपारपर्यंत जुन्या घड्याळाचा फरक मिलीसेकंदांत गेला, नवीन घड्याळ चार वाजेपर्यंत टिकलं. आणि एक रिले निघाला, ज्याने वेळ गेल्याचा अलार्म दिलाच नाही, वायरच जोडलेली नव्हती, बसवल्यापासून. ती सोमवारी जोडली. वहीच्या त्या पानाचा फोटो तिने मला पाठवलाय, आणि आता शेजारच्या दोन सबस्टेशनवाल्यांनी तिच्याकडे ते पान मागितलंय.