महीकाठची पहिली लांब पल्ल्याची घोडदौड

एन्ड्युरन्सच्या घोडदौडीत मधला टप्पा संपल्याची रेषा ओलांडली म्हणून स्वाराचे घड्याळ थांबत नाही. घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६४ किंवा त्याहून कमी होईपर्यंत थांबून मग त्याला पशुवैद्यांपुढे उभे करायचे असते, आणि तोवरचा सगळा वेळ स्वाराच्याच खात्यावर चढतो. विसावलेल्या निरोगी घोड्याचे ठोके साधारण ३० ते ४० असतात, दौडीत ते सहज शंभरापुढे जातात. त्यामुळे शेवटी भरधाव आलेला स्वार पुष्कळदा मागाहून शांतपणे आलेल्याच्याही मागे पडतो. घोड्याच्या शरीराचा शब्द इतका अखेरचा मानणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही, आणि म्हणूनच मी त्याकडे वळले.

गेल्या हिवाळ्यात बडोद्याजवळच्या सिंधरोटकडच्या, मही नदीच्या कोतरांमधून (घळींमधून) मी ४० किलोमीटरची माझी पहिली दौड केली. २० किलोमीटरच्या दोन फेऱ्या होत्या आणि मध्ये ४० मिनिटांची सक्तीची विश्रांती. घोडी काठियावाडी, टोकाला टोक भिडणाऱ्या कानांची, आणि माझी स्वतःची नव्हे. आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातली नोकरदार माणसे, म्हणजे जुन्या हिशेबाने मी स्वतःचा घोडा बाळगणारी शिलेदार नव्हे, तर दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारी बारगीर. तबेल्याच्या काकांनी ती माझ्या हाती देण्यापूर्वी कित्येक महिने तिला केवळ चालवून आणि हलक्या दुडकीवर फिरवून घेतले. घोड्याचे हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडे आणि स्नायुबंध बळकट व्हायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो, आणि दम वाढलेला घोडा नेमका त्याच काळात लंगडा होतो, हे ते पुन्हापुन्हा सांगत.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पाण्याचे प्रकरण. माणसाचा घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, म्हणून घाम गेला की मागे उरलेले रक्त अधिक खारट होते आणि आपल्याला तहान लागते. घोड्याचा घाम मात्र रक्ताइतका किंवा त्याहूनही खारट असल्यामुळे पाण्याबरोबर क्षारही निघून जातात, रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही, आणि कित्येक लिटर घाम गमावलेला घोडा भरलेल्या बादलीकडे पाहतसुद्धा नाही. म्हणून विश्रांतीच्या थांब्यावर मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) क्षारांची पेस्ट पिचकारीने तिच्या तोंडात सोडत होता आणि पाण्यात भिजवलेला रजका, म्हणजे लसूणघास, पुढे करत होता. या चाऱ्याने पोटात पाणीही जाते आणि आतडी चालू राहतात; दौडीत रक्त स्नायूंकडे वळल्याने ती मंदावलेली असतात आणि त्यातून पोटशूळ उठू शकतो.

पहिली फेरी संपायला किलोमीटरभर उरले असताना वाटेवर उभ्या असलेल्या काकांनी हाक मारली, "अगं, आता उतर, तंग सैल कर आणि तिला चालवत आण." तंग म्हणजे जिनाचा पोटाखालून आवळलेला पट्टा. पोचल्यावर मानेवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला, जिथे शिरा कातडीलगत असतात, पाणी ओतून ते लगेच निपटून काढायचे, पुन्हा ओतायचे, असे आम्ही ठोके उतरेपर्यंत केले. पशुवैद्यांनी हिरडी दाबून तिचा रंग किती लवकर परततो ते पाहिले, खांद्याची कातडी चिमटीत धरून सोडली, दोन्ही कुशींना स्टेथोस्कोप लावून आतड्यांचा आवाज ऐकला, जिनाखाली आणि तंगाखाली कातडी सोलली गेली नाही ना, हे हात फिरवून पाहिले. मग घोडीला हातात धरून सरळ रेषेत दुडकी चालीने पळवायचे असते, आणि इथेच काठियावाडी घोड्यांची एक अडचण आहे. रेवाल चाल, म्हणजे एकाच बाजूचे दोन पाय जवळजवळ एकदम टाकण्याची चाल, स्वाराला अतिशय सुखाची असते, पण तिच्यात सूक्ष्म लंगड लपून जाते. वैद्यांना हवी असते ती दुडकी, कारण तिच्यात कर्णरेषेतले दोन पाय एकदम पडतात आणि पुढचा दुखरा पाय पडताच मान वर उचलली जाते. रेवालीची सवय जडलेल्या घोडीला हातात धरून दुडकी शिकवण्यात आमचा बराच सराव खर्ची पडला, आणि तो सत्कारणी लागला.

दुसऱ्या फेरीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ऊन वाढले, आमच्या गटाला ताशी १६ किलोमीटरची कमाल मर्यादा होती आणि आम्ही तिच्या बऱ्याच खाली राहिलो. शेवटच्या तपासणीत घोडी उत्तीर्ण झाली; तिथे ती अपात्र ठरली असती, तर पूर्ण केलेले सगळे अंतर वाया गेले असते.

वेंडेल रॉबी यांनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या टेव्हिस कपमध्ये २४ तासांत शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, तोडायचे असतात. तिथे पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी जो सर्वांत सुस्थितीत असेल, त्याला हॅगिन कप हा वेगळा मान दिला जातो, आणि पहिल्या क्रमांकापेक्षा मला तोच अधिक मोलाचा वाटतो. आमचा पुढचा विचार ६० किलोमीटरचा आहे, मात्र काकांनी तारीख ठरवू दिलेली नाही. आधी तिचे मागचे पाय पशुवैद्यांना पुन्हा दाखवायचे आणि पावसाळाभर मऊ जमिनीवर फक्त चालवायचे, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला पूर्णपणे मान्य आहे.