शांघायची फेरी: माल बाँडमध्ये ठेवावा की थेट आयात करावा?

शांघाय मेट्रोच्या ६ नंबर लाइनवर वायगाओच्याओ बाँडेड झोनच्या (ड्युटी न भरता आयात माल ठेवता येतो त्या क्षेत्राच्या) नावाची दोन स्टेशनं आहेत, एक दक्षिणेचं आणि एक उत्तरेचं. चीनमधला पहिला बाँडेड झोन १९९० साली इथे, यांगत्सेच्या मुखाजवळ मंजूर झाला. चाकण, भोसरी, कोल्हापूर, नाशिक इथून पंप, व्हॉल्व्ह, कास्टिंग आणि मशीनचे स्पेअर पार्ट चीनला पाठवणाऱ्यांपुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच. माल बाँडेड गोदामात ठेवून लागेल तसा काढायचा, की बंदरातच ड्युटी भरून ग्राहकाकडे धाडायचा? त्याच प्रश्नासाठी केलेल्या फेरीचा हा वृत्तांत आहे. वाट अशी: वायगाओच्याओ, मग यांगशान बंदर, शेवटी निंगबो शहर.

निष्कर्ष आधीच सांगतो. व्याज वाचेल म्हणून बाँड घेऊ नये. माल शेवटी कुणाकडे, किती आणि कधी जाणार हे ठरलेलं नसेल, तेव्हाच घ्यावा.

जाण्याआधी

भारतीय पासपोर्टला चीनच्या २४० तासांच्या विनाव्हिसा ट्रान्झिटची सवलत नाही. व्यापारासाठीचा एम व्हिसा काढावा लागतो आणि त्यासाठी तिथल्या कंपनीचं निमंत्रणपत्र लागतं. ऑक्टोबर २०२५ पासून भारत आणि चीनमधली थेट विमानं पुन्हा सुरू झाली आहेत. वीचॅट या चिनी चॅट अ‍ॅपवर भारतात बंदी आहे, म्हणून तिथे पोचताच ते चालू करून घ्या, कारण गोदामवाला, एजंट आणि ड्रायव्हर सगळे त्यावरच बोलतात. तिथल्या स्थानिक इंटरनेटवर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. अलीपे या पेमेंट अ‍ॅपला आपलं कार्ड जोडून ठेवलं की मेट्रोपासून जेवणापर्यंतचं भागतं.

चिनी नववर्षाचे दिवस आणि १ ते ७ ऑक्टोबर पूर्ण टाळा, स्वतःसाठीही आणि मालासाठीही. या सुट्ट्यांच्या तोंडावर कंटेनर उतरला तर कागद हलत नाहीत आणि शिपिंग लाइनचं डिमरेज (कंटेनर अडकल्याचा आकार) मात्र रोज चढतं.

झोनला कुंपण आणि कस्टम्सची गेटं असतात. गोदाम बघायचं तर ज्याच्याकडे जायचं त्याला पासपोर्टची प्रत आधी पाठवून आपली नोंद करवून घ्यावी. आयत्या वेळी गेलात तर बाहेरच्या ऑफिसात चहा पिऊन परतावं लागेल.

वायगाओच्याओ: बाँडमध्ये नेमकं काय घडतं

आपल्याकडे इन-बाँड आणि एक्स-बाँड बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडची आयात घोषणा) असते, तशीच इथेही दोन पायऱ्या आहेत. चिनी लोक त्यांना पहिली रेषा आणि दुसरी रेषा म्हणतात. परदेशातून झोनमध्ये येताना पहिली रेषा ओलांडली जाते. तिथे ड्युटी आणि व्हॅट थांबवलेले असतात आणि बरीचशी आयात परवान्यांची अटही लागू होत नाही. झोनमधून चीनच्या बाजारात जाताना दुसरी रेषा येते. खरी आयात ती. ड्युटी, व्हॅट, परवाने, थ्री-सी म्हणजे चीनचं सक्तीचं उत्पादन प्रमाणपत्र, सगळं तिथे विचारलं जातं. त्यामुळे थ्री-सी लागणारी मोटर किंवा केबल प्रमाणपत्राविना बाँडमध्ये सहज शिरते आणि विकायच्या दिवशी तिथेच अडकते. आत येता आलं म्हणजे विकता येईलच असं धरून चालू नये.

किडीची तपासणी मात्र पहिल्या रेषेवरच होते. लाकडी पेट्या आणि पॅलेटवर आयएसपीएम १५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का हवाच, मार्ग कुठलाही असो. शिक्का पुसट असेल, किंवा शिक्का नसलेली एखादी फळी आधाराला ठोकलेली असेल, तर पूर्ण खेप थांबू शकते. पेटी बंद करण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

बाँड म्हटलं की सगळी गोदामं सारखी, असा समज असतो. तसं नाही. साध्या बाँडेड गोदामात माल एक वर्ष राहतो आणि कस्टम्सच्या परवानगीने आणखी एक वर्ष. बी वर्गाच्या बाँडेड लॉजिस्टिक्स सेंटरमध्ये मूळ मुदतच दोन वर्षांची. सर्वसमावेशक बाँडेड झोनमध्ये साठवणीला मुदत नाही. फरक कामाचाही आहे. साध्या गोदामात छाटणी, पॅकिंग, लेबल लावणं इतकंच चालतं, तर सर्वसमावेशक झोनमध्ये तपासणी, दुरुस्ती आणि प्रक्रियाही करता येते. मशीनचे पार्ट परत घेऊन दुरुस्त करायचे असतील तर सर्वसमावेशक झोनच शोधा. गोदामवाला नुसतं ‘बाँडेड’ म्हणाला की पुढचा प्रश्न विचारा, ‘यातला कुठला?’ त्याच्या परवान्याची प्रतही मागून घ्या.

सर्वांत जास्त घोळ हिशेबाच्या वहीत होतात. बाँडमधला प्रत्येक पार्ट नंबर कस्टम्सच्या इलेक्ट्रॉनिक खात्यावर चढतो, एककासह. इन्व्हॉइसमध्ये ‘सेट’ लिहिलं, पॅकिंग लिस्टमध्ये ‘नग’, आणि गोदामात मोजताना किलो, की तिसऱ्या-चौथ्या वेळेला माल काढताना शिल्लक जुळेनाशी होते. नैसर्गिक आपत्तीसारखं कारण नसताना माल कमी भरला तर त्यावरचा कर गोदामवाल्याला भरावा लागतो. तो तुमच्याकडून वसूल करणार हे उघड आहे. म्हणून पार्ट नंबर, एकक, निव्वळ वजन आणि मूळ देश हे चार रकाने तिन्ही कागदांवर अक्षरशः एकसारखे हवेत.

आकडा मांडून बघू

कंटेनरची सीआयएफ (माल, विमा आणि जहाजभाडं धरून) किंमत १० लाख युआन आणि ड्युटी ८ टक्के धरा. ड्युटी झाली ८०,००० युआन. व्हॅट १३ टक्के, पण तो सीआयएफ अधिक ड्युटीवर, म्हणजे १०,८०,००० वर लागतो: १,४०,४०० युआन. थेट आयातीत एकदम भरायचे २,२०,४०० युआन.

माल सहा महिन्यांत सारख्या गतीने संपला तर सरासरी निम्मी रक्कम, १,१०,२०० युआन, तेवढा काळ अडकते. ६ टक्के दराने सहा महिन्यांचं व्याज होतं ३,३०६ युआन. तोच माल बाँडमधून १२ वेळा थोडाथोडा काढला आणि प्रत्येक कस्टम्स घोषणेला एजंटने ३०० युआन घेतले, तर ३,६०० युआन तिथेच गेले. बाँडच्या जागेचं जादा भाडं आणखी वेगळं. व्याजदर आणि फी उदाहरणापुरत्या आहेत, तिथे आपले आकडे घाला. शिवाय व्हॅट हा सामान्य करदाता असलेल्या चिनी खरेदीदाराला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतोच. खरा खर्च ड्युटीचा.

आता त्याच कंटेनरमधला ३० टक्के माल चीनमध्ये विकला गेला नाही आणि व्हिएतनाम किंवा कोरियाला वळवावा लागला, असं समजा. बाँडमधून तो ड्युटी न भरता निघतो. त्यावरची २४,००० युआन ड्युटी वाचली. थेट आयात केलेला माल परत पाठवला तर ड्युटीचा परतावा मिळतो तो मालाचा दर्जा किंवा स्पेसिफिकेशन चुकल्यामुळे, मूळ स्थितीत, एका वर्षाच्या आत. नुसता विकला गेला नाही हे कारण चालत नाही. बाँडचं पारडं इथे जड होतं. हळू खपणारे असंख्य पार्ट, मशीन बंद पडल्यावर दुसऱ्या दिवशी लागणारे स्पेअर, दोन-तीन देशांना एकाच साठ्यातून पुरवठा, ही बाँडची खरी कामं.

वारंवार काढण्याचा खर्च कमी करायची एक सोय आहे. माल तुकड्यांनी आधी पाठवायचा आणि घोषणा नंतर एकत्र करायची. त्यासाठी कस्टम्सकडे हमी ठेवावी लागते आणि एकत्रित घोषणा कॅलेंडर वर्ष ओलांडू शकत नाही. डिसेंबरात हिशेब बंद करायचं विसरू नका.

दोन गोष्टी लोकांच्या नजरेतून सुटतात. पहिली मालकीची. बाँडमध्ये माल भारतीय कंपनीच्या मालकीचा राहू शकतो, कस्टम्सचे कागद झोनमधला नोंदणीकृत गोदामवाला सांभाळतो, आणि दुसऱ्या रेषेवर खरेदीदार आयातदार होतो. नव्या, पैसे वेळेवर देईल की नाही माहीत नसलेल्या ग्राहकासाठी हे मोठं संरक्षण आहे. पैसे आले की माल सोडायचा. दुसरी गोष्ट मूल्याची. ड्युटी आकारली जाते ती माल झोनबाहेर पडतानाच्या विक्री किमतीवर. त्या किमतीत झोनमधलं साठवणभाडं, विमा आणि वाहतूक मिसळलेली असेल तर ते इन्व्हॉइसवर वेगळ्या ओळींत दाखवा. वेगळे दाखवता आलेले हे खर्च ड्युटीच्या मूल्यात धरत नाहीत. एकाच ओळीत गुंडाळले तर त्यांच्यावरही ड्युटी बसते.

यांगशान

१६ नंबरची मेट्रो तिशुई तळ्यापर्यंत, म्हणजे लिनगांगपर्यंत नेते. बंदर समुद्रातल्या बेटावर आहे आणि तिथे जाणारा तोंगहाई पूल ३२.५ किलोमीटर लांब आहे. २०१७ च्या डिसेंबरात सुरू झालेला चौथ्या टप्प्याचा स्वयंचलित धक्का पाहण्यासारखा खराच, पण खरेदी-विक्रीवाल्याने वेळ लिनगांगच्या बाजूच्या गोदामांना द्यावा.

इथला धडा बुकिंगचा आहे. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) नुसतं ‘शांघाय’ असतं, आणि जहाज यांगशानला लागतं की वायगाओच्याओला हे जहाजाचं टर्मिनल कुठलं त्यावर ठरतं. दोघांमधलं अंतर रस्त्याने ऐंशी-शंभर किलोमीटर. गोदाम एकीकडे आणि जहाज दुसरीकडे, तर ट्रकचं भाडं आणि एक दिवस फुकट जातो. उन्हाळ्यातल्या वादळांत आणि दाट धुक्यात पूल बंदही होतो. न्हावा शेवाला बुकिंग करतानाच टर्मिनलचं नाव विचारा, मग गोदाम ठरवा.

थेट आयात: घड्याळ कुठे सुरू होतं

माल आधीच विकलेला आहे, ग्राहक एकच आहे, ड्युटी शून्य किंवा नगण्य आहे, तर थेट आयातच बरी. जहाज आल्याची नोंद झाल्यापासून १४ दिवसांत कस्टम्सला घोषणा करायची. नंतर रोज मूल्याच्या ०.०५ टक्के दंड, म्हणजे १० लाखांच्या कंटेनरला रोज ५०० युआन. तीन महिने कुणीच घोषणा केली नाही तर कस्टम्स माल विकू शकते. कर घोषणा पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत भरायचा, उशिराला इथेही रोज ०.०५ टक्के. हमी दिलेल्या पात्र कंपन्यांना महिन्याचा कर एकत्र, पुढच्या महिन्याच्या पाचव्या कामाच्या दिवसापर्यंत भरता येतो.

न्हावा शेवाहून माल पोचायला तीन आठवडे किंवा जास्त लागतात. तो वेळ वापरा. जहाज सुटताच कागदांचे मसुदे चिनी एजंटला पाठवा. भारताचा एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) आठ आकडी, चीनचा दहा आकडी. पहिले सहाच जुळतात, उरलेले एजंटकडून लेखी घ्या. शिवाय प्रत्येक कोडला ठरावीक माहिती लागते: ब्रँड, मॉडेल, उपयोग, कशापासून बनवलं. ‘मशिनरी पार्ट’ एवढ्यावर काम होत नाही. घाई असेल तर दोन टप्प्यांची घोषणा आहे. पहिल्या टप्प्यात थोडक्यात ९ मुद्दे देऊन माल सोडवता येतो आणि पूर्ण घोषणा त्याच १४ दिवसांत करायची.

मॅनिफेस्टवर (जहाजातल्या मालाच्या यादीवर) चिनी कन्साइनीचा, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीचा, १८ आकडी सामाजिक पत क्रमांक लागतो. मार्ग आधी ठरवायचा तो यासाठीच. ग्राहकाचं नाव टाकून माल निघाला आणि मधेच बाँडमध्ये न्यायचं ठरलं, तर मॅनिफेस्ट दुरुस्तीत दिवस जातात.

आपल्या मालासाठी आशिया-पॅसिफिक व्यापार कराराचं मूळ देशाचं प्रमाणपत्र तपासा. भारत आणि चीन दोघेही त्यात आहेत. ड्युटीतली सवलत ठरावीक कोडनाच असते, आणि प्रमाणपत्र दिल्यापासून एक वर्ष चालतं. बाँडमध्ये दीड वर्ष पडून राहिलेल्या पार्टची सवलत गेली, आणि साठवणीला मुदत नसलेल्या झोनमध्येही ती परत येत नाही. माल सिंगापूर किंवा हाँगकाँगला थांबून जात असेल तर तो तिथे कस्टम्सच्या ताब्यातच होता याचा पुरावा जोडा.

निंगबो आणि खाद्यपदार्थ

शांघायच्या होंगच्याओ स्टेशनहून वेगवान रेल्वेने निंगबो साधारण दोन तासांवर आहे. इथली गर्दी ई-कॉमर्सची. बाँडेड मार्गाचा कस्टम्स कोड १२१०, परदेशातून थेट टपालाचा ९६१०. दोन्हीत ग्राहकाची एका खरेदीची मर्यादा ५,००० युआन आणि वर्षाची २६,००० युआन. ड्युटी शून्य, व्हॅट नेहमीच्या ७० टक्केच, म्हणजे १३ चा ९.१ टक्के पडतो. सवलत मोहक आहे, पण माल मंजूर यादीत हवा आणि ऑर्डर, पैसे, डिलिव्हरी या तिन्ही नोंदी जुळल्या पाहिजेत. उरलेला माल दुकानांना विकू म्हटलं तर सर्वसाधारण आयातीची सगळी प्रमाणपत्रं लागतात. ती नसतील तर परत पाठवणं किंवा नष्ट करणं एवढंच हातात राहतं.

मसाले किंवा तयार खाद्यपदार्थ सर्वसाधारण आयातीने पाठवायचे तर आधी कारखान्याची चिनी कस्टम्सकडे नोंदणी. १ जानेवारी २०२२ पासून हा नोंदणी क्रमांक आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही पॅकिंगवर लागतो. चिनी लेबल बाँडमध्ये चिकटवता येतं, पण हा क्रमांक कारखान्यातच छापून घ्या.

कोटेशन मागताना

भाडं पॅलेटला रोजचं की घनमीटरला, एवढ्यावर थांबू नका. माल आत घेण्याची फी, बाहेर काढण्याची फी, प्रत्येक घोषणेची फी, कस्टम्सने तपासणीला काढल्यास हाताळणीचा खर्च, हमीची रक्कम कोण ठेवणार, आणि वर्षभरात न हललेल्या मालाचं भाडं वाढतं का, या सहा ओळी लेखी मागा. विमा कुणाच्या नावावर आहे तेही बघा. गोदामवाल्याची पॉलिसी इमारतीपुरती असते असं बऱ्याचदा आढळतं. मालाची पॉलिसी वेगळी काढावी, आणि तिच्यात थांबवलेल्या कराची रक्कमही धरून घ्यावी.