वस्तूंच्या बदल्या

जुलै उजाडला की मुंबईतल्या आमच्या नायगावच्या खोलीतलं कालनिर्णय हातभर डावीकडे सरकायचं. त्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात ओल यायची आणि तिचा आकार दरवर्षी वेगळा असायचा. एका वर्षी तर थेट गुजरातचा नकाशा उमटला होता, कच्छसकट. ओल जाईल तिकडे कॅलेंडर. अडचण एकच, ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळीची भिंत काँक्रीटची. वडील हातोडी घेऊन उभे राहिले की पहिले तीन खिळे वाकायचे, चौथा उडून मोरीत जायचा आणि पाचवा कसाबसा अर्धा इंच शिरायचा. वाकलेले खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे आणि डबीत ठेवायचे, हे खातं माझ्याकडे. त्यामुळे एकदा बसलेला खिळा उपटायची घरात कुणाची छाती नव्हती. त्या भिंतीवर तीन खिळे होते. काय कुठे शोभेल हे त्या तिघांनी ठरवायचं, आम्ही मान डोलवायची.

खोली १६० चौरस फुटांची, माणसं सात. एवढ्या जागेत 'सजावट' हा शब्द उच्चारायलाही जागा नव्हती. आईला माहीत होती ती बदली. वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे बदली, बढती, निवृत्ती हे शब्द आमच्याकडे भाजी-आमटीसारखे रोजचे. आई तेच वस्तूंना लावायची. ताडाच्या झाडाचं चित्र असलेला डालड्याचा पिवळा डबा तूप संपलं की तांदळाच्या खात्यात जाई. झाकण हरवलं की बुडाला खिळ्याने चार भोकं पाडून खिडकीत, तुळशीच्या खात्यात. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा दोन-तीन पावसाळे काढतो, मग बुडाकडून गंजाचे पापुद्रे सुटायला लागतात. तेव्हा वडील तो उभा कापायचे, कडा आत दुमडायचे आणि त्याची केर भरायची सुपली व्हायची. "रिटायर होऊनसुद्धा बसवत नाही त्याला," असं आई कौतुकाने म्हणायची. रोख वडिलांकडे असे.

लोखंडी खाटेला तर बढतीच मिळाली होती. चारही पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्यावर खाली ट्रंका, गव्हाची कोठी आणि रात्री माझा भाऊ, एवढं सगळं मावायचं. विटा उघड्या दिसतात म्हणून आईने जुन्या चादरीची झालर लावली. पाहुणे म्हणायचे, काय छान दिसतंय. कुणीतरी झालर उचलली तर आत भाऊ अभ्यास करत असायचा.

कापडाचा हिशेब मात्र याहून किचकट. जुनी कापडं कुठे जाणार यावरून आई आणि बोहारीण यांच्यात कायमचा वाद. बोहारीण दुपारी यायची. डोक्यावरची टोपली मधल्या पॅसेजमध्ये टेकवायची आणि स्टीलची भांडी एकेक करून मांडायची, सगळ्यात मोठा डबा सगळ्यात मागे. मग आईने दिलेली पँट ती दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरी. गुडघ्याशी, बुडाशी विरलं असेल तर आरपार दिसतं. "ही गेलेली आहे बाई." आईचं उत्तर ठरलेलं, "गेली नसती तर तुला दिली असती का?" तिचा डोळा जरीच्या साडीवर, आईचा कडीच्या डब्यावर. अर्ध्या तासाने दोन पँटी, एक बुशशर्ट आणि जरीची एक साडी यांवर सौदा पटायचा आणि वर एक चमचा मागून घेतला जायचा. आजीच्या सुती लुगड्यांना मात्र बोहारणीने हात लावायचा नाही. ती गोधडीची.

नऊवारी लुगडं वापरून वापरून इतकं मऊ होतं की नव्या कापडाला ती सर येत नाही. आई तीन लुगडी एकावर एक घालायची आणि मध्ये जुनं धोतर. पण खोलीत अंथरायला जागा कुठली? म्हणून गोधडी पॅसेजमध्ये पडायची आणि आख्खा मजला भिंतीला चिकटून संडासाकडे जायचा. जाड सुईने कडेपासून धावदोरा सुरू व्हायचा, चौकोनाच्या आत चौकोन, मध्यापर्यंत. येता-जाता काकू खाली बसायच्या, चार टाके घालायच्या आणि उठायच्या. आमच्या गोधडीत एका कोपऱ्यातले टाके तांदळाएवढे बारीक आहेत आणि त्याच्या शेजारचे बोटभर लांब. ते बोटभर माझे.

गणपतीत आईची पैठणी आरासेला जायची. चुण्या करून टाचण्यांनी पाठीमागे लावली की बाप्पामागे महाल उभा. शेजारी तेव्हा थर्माकोलचे खांब आणायचे, आणि आम्हाला त्या खांबांचा हेवा वाटायचा हे कबूल करते. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने थर्माकोलच्या मखरावर बंदी घातली, तेव्हापासून सगळेच साड्यांकडे वळले. आई त्या वर्षी फार खूश होती. सरकारने आपलं ऐकलं, असं तिचं म्हणणं. आकाशकंदिलाचंही तेच. माहीमच्या कंदील गल्लीतून नवा आणायचा हट्ट आम्ही दरवर्षी करायचो आणि दरवर्षी पोटमाळ्यावरून कामट्यांचा जुनाच सांगाडा खाली यायचा. खळ शिजायची, पतंगी कागद नवा, सांगाडा सेवाज्येष्ठ.

हे सगळं रक्तात असूनही माझा स्वतःचा हात मात्र यथातथाच. मुलुंडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आल्यावर लेकीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. काचेच्या बाटलीला घासलेटात भिजवलेली सुतळी बांधा, पेटवा, लगेच गार पाण्यात बुडवा, बाटली सुतळीच्या रेषेवर तुटते आणि सुंदर दिवा होतो. तत्त्व बरोबर आहे, काच एकदम गार झाली की तडकते. कुठे तडकायचं हे मात्र तिचं ती ठरवते. आमच्या बाटलीने उभं तडकायचं ठरवलं. महिनाभर स्वयंपाकघरात चपला घालून वावरत होतो.

मग मी मनी प्लांटवर आले. त्यात बिघडण्यासारखं काय आहे? वेल शेजारच्या जिन्यातून गुपचूप तोडून आणली, कारण चोरून आणलेलीच लागते. जॅमच्या सहा बाटल्यांमध्ये पाणी घालून खिडकीत ओळीने लावली. ऊन आलं की पाण्यातली पांढरी मुळं चमकायची. ऑगस्टमध्ये पालिकेचे डासवाले आले. त्यातल्या मुलाने टॉर्च मारून तिसऱ्या बाटलीत मला वळवळ दाखवली. "काकी, डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. आठवडा-दहा दिवसांत उडायला लागतो. दर आठवड्याला पाणी बदला, बाटली आतून घासा." पाच बाटल्या चांगल्या होत्या हे मी सांगून पाहिलं. त्याने सहाही सिंकमध्ये ओतल्या. आता दर रविवारी मी त्यांना आंघोळ घालते.

मध्यंतरी भाऊ चाळीत जाऊन आला. बीडीडीच्या जागी टॉवर होणार, खोलीमागे ५०० चौरस फुटांचं घर. वरळीत तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या किल्ल्या वाटल्यासुद्धा. त्याने फोनवर विचारलं, "खाटेच्या विटांचं काय करायचं?" खाटेचं काय करायचं हे त्याने विचारलं नाही.

या वर्षी जूनअखेर आमच्याही हॉलच्या भिंतीला ओल धरली. घरमालकाने खिळा ठोकायला बंदी घातलेली, चिकटवायचे हुक दमट हवेत मध्यरात्री टपकन पडतात. आधीच्या भाडेकरूने ठोकलेला एकच खिळा होता, नशिबाने ओलीच्या बरोबर वर. लेकीने आजीची गोधडी काढली, काठीत ओवली आणि त्यावर लटकवली. दिसत फार सुंदर होती, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी दिवा लागला की त्या धावदोऱ्यांच्या बारीक सावल्या पडायच्या. येणारा-जाणारा फोटो काढायचा. पाचव्या दिवशी वास आला. मागून पाहिलं तर खालच्या काठाला बुरशीचे काळे ठिपके. सुती कापड पाणी पितं, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात राहू नये!

गोधडी धुऊन पंख्याखाली तीन दिवस वाळवली. त्या खिळ्यावर कालनिर्णय लावलं. कालनिर्णय आणि मी एकाच वर्षीचे, १९७३ चे. गुळगुळीत कागद, सुती कापडाएवढं पाणी पीत नाही, आणि भिंतीपासून जरा सुटा राहतो म्हणून मागून हवा खेळते. लेक दारात उभी राहून बघत होती.

"आई, किती वाईट दिसतंय ते."

"ऑक्टोबरपर्यंत असू दे," मी म्हटलं.