रात्रीची डिप

पंचगंगेच्या काठाला, कोल्हापूरपासून जवळच आमचा पेट्रोल पंप आहे. मागच्या बांधापलीकडं तात्यांची विहीर; चार घरं तिचंच पाणी पितात. गेल्या पावसाळ्यात पेट्रोलच्या हिशेबात रोज 15-20 लिटर कमी पडायला लागले, तेव्हा मला पैशाआधी ती विहीर आठवली.

आधी वाटलं, तापमानाचा फरक असेल. पेट्रोल 1 अंश गार झालं की 10,000 लिटरमागं साधारण 12 लिटर आकसतं. टँकर तापून येतो, जमिनीखालची टाकी गार असते. पण टँकर न आलेल्या दिवशीही घट तेवढीच. 5 लिटरच्या मापानं सगळी नोझल तपासली. माप बरोबर.

मग रात्री पंप बंद केल्यावर डिप घ्यायला, म्हणजे रॉडनं टाकीतली पातळी मोजायला लागलो. रॉड कोरडा पुसायचा, पेस्ट लावायची, तळाला टेकेपर्यंत सोडायचा आणि फ्लेमप्रूफ टॉर्चच्या उजेडात ओली रेघ वाचायची. सकाळी सहाला पुन्हा. तीन रात्री रेघ जागची हलली नाही. म्हणजे टाकी धड होती. पेट्रोल जात होतं ते विक्री चालू असतानाच. आमची मोटर टाकीतच आहे, ती दाबानं पेट्रोल पुढं ढकलते. पाइपचा सांधा सैल झाला की तेच पेट्रोल मातीत.

त्याच सकाळी पेट्रोलची विक्री थांबवली, कंपनीला कळवलं. त्यांच्या माणसांनी लाइन रिकामी करून नायट्रोजनचा दाब दिला. दोन नंबरच्या डिस्पेन्सरखालच्या सांध्यावर साबणाच्या पाण्याला बारीक बुडबुडे आले. खालची माती हातभर खोलपर्यंत वास मारत होती. ती सगळी काढायला लावली.

संध्याकाळी रजिस्टर घेऊन तात्यांकडं गेलो. पाण्याला वास नव्हता, पण त्यावर विसंबता येत नाही. बेंझीन हा पेट्रोलमधला विषारी घटक; पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. एवढं थोडं नाकाला कळतच नाही. पाण्याचा नमुना तपासायला देतो, अहवाल येईपर्यंत प्यायला पाण्याचे जार आम्ही पाठवतो, म्हणालो.

तात्यांनी रजिस्टर उघडलंही नाही. "आधी येऊन सांगितलंस ते बरं केलंस. आता बाकीच्या घरांनाही तूच सांग."

तिन्ही घरी गेलो. पहिल्या नमुन्यात बेंझीन सापडलं नाही. पण पावसात भूजल वर चढतं, मातीत उरलेलं नंतरही उतरू शकतं, म्हणून पावसाळा सरल्यावर दुसरा नमुना दिला. तोही स्वच्छ आला. तोपर्यंत जार चालूच ठेवले होते.